डॉक्टर आले की बघतील

“मी आठ दिवस नसलो ना, तरी माझ्या दवाखान्यात काडीचा फरक पडणार नाही! मी गेलो होतो हे पेशंटला कळणारसुद्धा नाही!”

डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून हे जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने फक्त हिंदकळलेली वाटी सरळ केली. अशा मुठी तिने पुष्कळ पाहिल्या होत्या.

डॉक्टर दातांचे. सुट्टीवर जायचं ठरवणं आणि न जाणं, यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. एकदा बॅगा दाराशी आणून ठेवल्यावर कुणाची तरी अक्कलदाढ सुजली. एकदा मुख्याध्यापकांची कवळी ऐन भाषणात निसटली आणि डॉक्टर अर्ध्या रस्त्यातून माघारी आले. एकदा तर पोचून, हॉटेलात अंघोळ वगैरे करून परत आले, कारण दवाखान्यातला कंप्रेसर चालू राहिलाय असं त्यांना उगाचच वाटायला लागलं. राहिला नव्हता!

या वेळी मात्र लग्नाचं पंचविसावं वर्ष होतं आणि बायकोने तळ्याकाठच्या हॉटेलात खोली आधीच ठरवून टाकली होती.

“हे बघा,” ती म्हणाली, “या खेपेला मधूनच निघायचं झालं, तर तुम्ही एकटे निघायचं. मी तिथेच राहीन. आणि इथून पुढच्या सगळ्या सुट्ट्या मी एकटीच घेईन.”

ती हे आवाज न चढवता म्हणाली. जन्मभर बालवाडीत शिकवलेल्या बाईने आवाज चढवला नाही, की समजावं आता खैर नाही. 

“अगं, निघतो कशाला? मी लोकम टेनेन्स ठेवणार आहे!”

“काय ठेवणार आहात?”

“लोकम टेनेन्स! लॅटिन आहे. लोकम म्हणजे जागा आणि टेनेन्स म्हणजे धरणारा. जागा धरणारा! मध्ययुगात एखाद्या चर्चमधले धर्मगुरू आजारी पडले, परगावी गेले, की त्यांच्या जागी तात्पुरता दुसरा धर्मगुरू यायचा. त्याला म्हणायचे लोकम टेनेन्स. पुढे तो शब्द डॉक्टरांनी उचलला. सैन्यातला लेफ्टनंट असतो ना, तोही याचाच फ्रेंच भाऊ. त्याचाही अर्थ तोच!”

“म्हणजे बदली डॉक्टर.”

“बदली!” डॉक्टर कळवळले. “बदली कारकुनाची होते! हा शब्द बघ कसा भारदस्त आहे!”

हा शब्द त्यांना एका परदेशी मासिकात सापडला होता आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तो घर करून बसला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाटी रंगवून दवाखान्याच्या दारावर लावली: ‘पुढील आठवड्यात येथे लोकम टेनेन्स उपलब्ध’. काउंटरवरच्या मावशींना दिवसभर दुसरं काम उरलं नाही. एका आजोबांनी ते नवीन यंत्र आहे असं समजून त्याने किती दुखतं ते विचारलं. एक बाई म्हणाल्या, मला ते लोकम का काय ते नको, आपली साधी भूलच द्या!

मग मुलाखती झाल्या. आता तुम्ही-आम्ही दातांचा डॉक्टर निवडायचा म्हटलं, तर त्याचा हात कसा आहे ते बघू. या डॉक्टरांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. लोकम टेनेन्सचा अर्थ आणि उगम सांगा!

पहिल्या उमेदवाराने हिरड्यांचा रोग असेल असं सांगितलं. तो बसल्या जागेवरूनच परत गेला.

दुसरी एक डॉक्टरीणबाई होती. केस घट्ट बांधलेले, बोटं लहान आणि चपळ, बोलणं एक घाव दोन तुकडे. ती म्हणाली, “अर्थ मला ठाऊक नाही. पण तुमची डाव्या बाजूची दाढ दुखतेय. कधीपासून?”

“माझी? छे!”

“मघापासून चहा तुम्ही उजव्या बाजूने पिताय. आणि गार वारं आलं की डोळा मिटताय.”

“मुलाखत तुमची चालली आहे की माझी?” डॉक्टर लालबुंद झाले. दाढ दुखत होती हे खरं होतं. बायको दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती की कुणाला तरी दाखवा. ‘कुणाला दाखवू? या गावात दातांचा डॉक्टर मीच आहे!’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. खोटं कशाला सांगा, दुसऱ्या कुणापुढे आ करायची कल्पनाच त्यांना सहन होत नसे. अधूनमधून ते छोटा आरसा तोंडात घालून मोठ्या आरशासमोर उभे राहत आणि स्वतःच स्वतःला ‘घाबरू नका’ म्हणत. डॉक्टरीणबाईंना त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि अर्थातच कळवलं नाही.

तिसरा आला तो चष्मेवाला, किडकिडीत, अतिशय विनयशील. प्रश्न ऐकताच तो उभा राहिला! त्याने लॅटिन धातू सांगितला, त्याची रूपं सांगितली, धर्मगुरू सांगितले, लेफ्टनंटही सोडला नाही. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याचं नावच ‘पंडित’ ठेवलं आणि हातात दवाखान्याची किल्ली दिली. सोबत तासभर सूचनाही दिल्या.

“माझी एकही वस्तू जागची हलता कामा नये! माझ्या पेशंटना माझी सवय आहे. मी जसं सोडून जाईन, तसंच मला परत मिळालं पाहिजे. समजलं?”

“समजलं, सर,” पंडित हात जोडून म्हणाला. आणि त्याला खरोखरच समजलं होतं, तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

पहिला दिवस छान गेला. तळं होतं, झाडं होती, पलीकडे हिरवं बेट होतं आणि बेटावर जाणारी होडी होती. बायकोने टोपी घेतली. डॉक्टरांनी फोन घेतला.

“काय मावशी, कसं काय?”

“झकास आहे हो! नवीन डॉक्टर फार गुणी. कुणाला दुखवत नाहीत, कुणावर खेकसत नाहीत.” यात ‘तुमच्यासारखे’ हा शब्द न उच्चारता आला होता. “येईल त्याला खुर्चीत बसवतात, तोंड बघतात, ‘अरेरे’ म्हणतात आणि सांगतात, डॉक्टर आले की बघतील.”

“कोण डॉक्टर?”

“तुम्ही!”

डॉक्टरांना हसू आलं. मुलगा नवीन आहे, रुळेल. पण दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आपण होऊन आला. मिठाईच्या दुकानाच्या मालकांची दाढ ठणकत होती. पंडितने लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला आणि सांगितलं, डॉक्टर आले की बघतील. एका मुलीच्या दाताला भगदाड पडलं होतं. पंडितने त्यावर कच्चं सिमेंट लिंपलं आणि सांगितलं, डॉक्टर आले की बघतील. मुख्याध्यापकांची कवळी पुन्हा निसटली. पंडितने ती दोन्ही हातांनी आदराने त्यांना परत दिली. डॉक्टर आले की बघतील!

डॉक्टरांनी पंडितला फोनवर घेतलं.

“अहो, त्या मिठाईवाल्यांची दाढ काढून का नाही टाकली?”

“सर!” पंडितच्या आवाजात वेदना होती. “तुमच्या पेशंटची दाढ? तुमच्या पाठीमागे?”

“मग तुम्हाला ठेवलंय कशाला?”

“जागा धरायला, सर. टेनेन्स म्हणजे धरणारा. करणारा असता तर शब्द वेगळा आला असता. आणि आपणच म्हणालात, एकही वस्तू जागची हलता कामा नये. दाढ ही वस्तू काढली की जागची हलतेच, सर.”

 रागाने डॉक्टरांनी दात-ओठ खाल्ले, आणि डाव्या दाढेतून अशी कळ निघाली की हातातला फोन सुटला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी रडायच्या बेतात होत्या.

“डॉक्टर, दवाखान्यात बसायला जागा नाही हो! लोक बोळे धरून बसलेत. आणि सगळ्यांना वेळ दिलीय सोमवारी सकाळी नऊ.”

“सगळ्यांना नऊ?”

“मी म्हटलं त्यांना, अहो एकेकाला वेगळी वेळ द्या. तर म्हणाले, वेळ सरांची आहे, तिची वाटणी सरच करतील!”

“मला फसवलं!” डॉक्टर खोलीभर येरझाऱ्या घालू लागले. “माझी जन्माची कमाई बुडवतोय हा! उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने निघायचं.”

बायको आरशासमोर टोपी घालून बघत होती. तिने ती काढून खुंटीला अडकवली. बेटावरची होडी दुसऱ्या दिवसाची ठरली होती. गेले तीन दिवस ती काठावर बसून ती होडी जाताना-येताना बघत होती, कारण नवऱ्याच्या फोनला पाण्यावर आवाज नीट येणार नव्हता.

“‘निघायचं’ नाही,” ती म्हणाली. “‘निघतो’ म्हणा. मी राहते.”

“अगं, समजून घे की जरा!”

“पंचवीस वर्षं समजूनच घेतलं,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. डॉक्टरांनी बॅग भरली. मोजे कुठे असतात हे ठाऊक नसल्यामुळे मोजे राहिले.

सकाळी दोघं एका टेबलावर बसून एकमेकांशी न बोलता नाश्ता करत होती. दाढ ठणकत होती म्हणून डॉक्टरांनी टोस्ट बाजूला सारला आणि केळं घेतलं. अगदी पिकलेलं, मऊसूत केळं! दुसऱ्या घासाला ‘कट्’ असा आवाज झाला.

डॉक्टरांनी तोंडातून हातावर जे काढलं, ती अर्धी दाढ होती.

“आई गं!” ते ओरडले. त्यांच्या पेशंटचं हे नेहमीचं वाक्य. त्यांनी मात्र ते लहानपणानंतर पहिल्यांदाच उच्चारलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. वेटर धावत आला. केळ्याने दाढ तुटली हे त्याला पटेना, तो केळ्यात बी शोधू लागला.

“चला,” बायको उठली. “इथे चौकात एक दातांचा दवाखाना पाहिलाय मी.”

“नाही! मी घरी जाऊन…”

“घरी जाऊन काय? आरशात बघणार?”

दवाखाना स्टेशनरीच्या दुकानावर होता.  दारावर पाटी होती: ‘डॉक्टर सुट्टीवर. बदली डॉक्टर बसतात. या.’ डॉक्टरांना त्या अवस्थेतही तो शब्द बोचला. आत गेले तर दिव्याखाली हात धूत उभी होती तीच डॉक्टरीणबाई! केस तसेच घट्ट, बोटं तशीच चपळ.

डॉक्टरांनी मागच्या मागे वळायचा प्रयत्न केला. दारात बायको उभी होती.

“या, या,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “डावी बाजू ना?”

डॉक्टर खुर्चीत बसले. पंचवीस-तीस वर्षं ते अशाच खुर्चीच्या शेजारी उभे होते. तिच्यात पडून वर पाहिलं की दिवा एवढा मोठा दिसतो आणि माणूस एवढा लहान होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला आलेल्यांच्या तोंडात बोळा असायचा.

सुई टोचली. डावा गाल बधिर झाला, ओठ परका झाला. बाईंनी गालात बोळे कोंबले, जिभेखाली नळी अडकवली, आणि मग, डॉक्टरांनी स्वतः आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. गप्पा मारायला सुरुवात केली!

“कधीपासून दुखतेय?”

“आअ!” डॉक्टर म्हणाले. त्यांना ‘आज’ म्हणायचं होतं.

“दोन वर्षं झाली, म्हणतायत,” बायको म्हणाली. ती शेजारच्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. “मला कळतं ते. माझ्या वर्गात निम्मी मुलं असंच बोलतात.”

“बरं झालं तुम्ही आहात. दोन वर्षं कुणालाच दाखवली नाही?”

“आँ-आँ-ऊँ!”

“बायकोचं ऐकायला हवं होतं, म्हणतायत.”

डॉक्टरांनी डोळे वटारले. बाईंनी यंत्र सुरू केलं. घर्रर्र! आपलं स्वतःचं यंत्रही असाच आवाज करतं का, असा विचार डॉक्टरांच्या मनात येऊन गेला, आणि आपण पेशंटला ‘काही होत नाही हो’ म्हणतो ते कशाच्या जोरावर म्हणतो, असाही.

“त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं ना, ते मी घरी जाऊन बघितलं,” बाई काम करता करता म्हणाली. “जागा धरणारा. सुंदर शब्द आहे. मग, मिळाला का कुणी चांगला?”

या प्रश्नावर डॉक्टरांच्या घशातून जो सूर निघाला, तो लांबलचक होता. त्यात तीन दिवसांचा संताप होता, मिठाईवाले होते, कवळी होती, सोमवारचे नऊ होते.

“नाही मिळाला, म्हणतायत,” बायको शांतपणे म्हणाली. “फार मोठी चूक झाली, म्हणतायत. तुम्हालाच घ्यायला हवं होतं.”

“आँ!” डॉक्टरांनी पाय आपटला.

“बघा, पाय आपटून सांगतायत. पुढच्या वर्षी याल का महिनाभर? विचारतायत.”

“महिनाभर? येईन की.” बाई खूश झाली. “आता जरा स्थिर राहा हं. शिरेपाशी आलेय.”

डॉक्टर स्थिर राहिले. शिरेपाशी आलेल्या माणसाशी वाद घालत नाहीत, एवढं त्यांच्या धंद्याने त्यांना शिकवलं होतं. शिवाय त्यांना नाइलाजाने कबूल करावं लागत होतं, की हात हलका आहे. त्यांच्यापेक्षाही हलका! याचा राग वेगळाच.

“झालं,” बाई म्हणाली. “मुळात औषध भरलंय आणि वर कच्चं सिमेंट. ते सुकेपर्यंत तोंड उघडं ठेवा, जीभ हलवू नका. हे तात्पुरतं आहे हं, आठवडाभराने पुन्हा उघडून पक्कं करावं लागेल. मी इथे आहेच. पण तुम्ही आज परत निघणार असाल, तर तुमच्या गावात कुणी आहे का बघणारं?”

 डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर त्यांचा दवाखाना उभा राहिला. त्यांची खुर्ची. त्या खुर्चीत आ करून पडलेले ते स्वतः. आणि त्यांच्यावर वाकून, हात जोडून, ‘अरेरे, सर’ म्हणणारा पंडित! आणि त्याचं पुढचं वाक्य!

त्यांचे डोळे पांढरे व्हायचे तेवढे बाकी राहिले.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायकोने हात घालून तो काढला.

“हॅलो? नाही, डॉक्टरांना बोलता येत नाही. मी त्यांची लोकम टेनेन्स बोलतेय.”

पलीकडे पंडित होता. तो इतका हरखला की त्याचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला. “वा, मॅडम! आपल्याला या शब्दाचा उगम माहीत आहे?”

“माहीत आहे. जेवताना तीनदा ऐकलाय. आता माझं ऐका. सरांची जागा मी धरलेली आहे, त्यामुळे तुम्ही ती सोडा आणि कामाला लागा. मिठाईवाल्यांची दाढ काढा. मुलीचा दात भरा. मुख्याध्यापकांची कवळी घट्ट करा. सोमवारच्या लोकांना आजपासूनच बोलवा, मावशी वेळा देतील. तुम्हाला येतं ना हे सगळं?”

“येतं, मॅडम. पहिला नंबर होता माझा. पण सर स्वतः सांगतायत का? त्यांच्या आज्ञेशिवाय मी कसा…”

बायकोने फोन डॉक्टरांच्या उघड्या तोंडासमोर धरला.

“आँऽऽ! ऊँऽऽ!”

“ऐकलंत? हो म्हणतायत. आणि आम्ही आणखी आठवडाभर इथेच आहोत.”

“आँऽऽऽऽ!”

“खूप दिवसांनी सुट्टी मिळाली, फार बरं वाटतंय, म्हणतायत,” बायको म्हणाली आणि फोन बंद करून आपल्या पर्समध्ये टाकला. पर्सची चेन लावली.

दुपारच्या होडीत दोघं शेजारी बसली होती. बायकोच्या डोक्यावर टोपी होती. डॉक्टरांचा डावा गाल अजून परक्या माणसाचा होता आणि पायात मोजे नव्हते. बेट जवळ येत होतं. पाण्यावर वारं गार होतं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच ते लागल्यावर त्यांनी डोळा मिटला नाही. पर्समध्ये फोन एकदा वाजला आणि आपोआप थांबला. दवाखान्यातून काही किंचाळ्या वगैरे तळ्यापर्यंत ऐकू आल्या नाहीत.

होडी मध्यावर आली, तसा ओठ हळूहळू आपला वाटू लागला. डॉक्टरांनी जीभ फिरवून बघितली. शब्द येत होते.

“उतरली का बधिरता?” बायकोने विचारलं.

“उतरली थोडी.”

“मग आता बोलता येईल तुम्हाला.” ती बेटाकडे बघत होती, पण टोपी हातात घेऊन तिची कड उगाच चिमटीत धरून बसली. “सकाळी त्या खुर्चीत नक्की काय म्हणत होतात हो तुम्ही?”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि सगळं चोख पाठ होतं. मग त्यांनी त्या टोपीकडे पाहिलं, डाव्या गालावर हात ठेवला आणि घसा साफ केला.

“मी?” ते म्हणाले. “मी हो म्हणत होतो.”